वर्दीवाचून

शनिवारी दुपारी तीन वाजता चौबे कॉलोनीतल्या रणपिशांच्या घरात पाहुण्याला टेकायला जागा नव्हती. सोफ्यावर साड्या, टीव्हीवर साड्या, श्यामरावांच्या आरामखुर्चीत साड्या, आणि स्वतः श्यामराव बाहेर ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर. सगळ्या साड्या पांढऱ्या, सुती, निळ्या काठाच्या. धाकटी सून सोनिया जमिनीवर फतकल मारून एकेकीवर नावाची चिठ्ठी टाचत होती. थोरली सून कुसुम चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली आणि ट्रे ठेवू कुठे म्हणून चारी बाजूंना बघत राहिली.

"हे घर होय की दवाखान्याची लाँड्री?" ती म्हणाली.

"भाभी, बस दस और," सोनिया म्हणाली. ती भोपाळची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मराठी तिला नुसती कळायची. "कल के बाद सब साफ."

उद्या चर्चला नव्वद वर्षं पुरी होत होती. प्रभुभोजन होतं, म्हणजे मेजाशी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, नंतर मंडपात जेवण होतं, आणि उद्यापासूनच शेखरचा नवा नियम लागू होता. शेखर म्हणजे कुसुमचा नवरा, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आणि गेल्या वर्षापासून चर्चचा सेक्रेटरी. वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि रविवारची उपासना बघता बघता लग्नाच्या मांडवासारखी दिसायला लागली. भोपाळहून बदलून आलेल्या साहेबांच्या बायका रेशमी साड्या नेसून पुढच्या बाकांवर. अभनपूरकडून बसने येणाऱ्या बाया आपल्या सुती लुगड्यात मागे, दाराशी. त्यातली एक बाई, प्रेमला, दोन महिने आलीच नाही. निरोप पाठवला, तर म्हणे, आमच्याजवळ चर्चचे कपडे नाहीत. हे ऐकून शेखरला रात्रभर झोप लागली नव्हती. माणूस मनाचा वाईट नव्हता, फक्त एकदा काही डोक्यात शिरलं की कागदावर उतरेपर्यंत कोणाला सोडत नसे.

आणि मग त्याला चर्चच्या कपाटात मारोती मास्तरांची नियमवही सापडली. मारोती मास्तर हे त्याचे आजोबा, श्यामरावांचे वडील, चर्चच्या पहिल्या पंचांपैकी एक. वही जुन्या मराठीत, बोरूने लिहिलेली. शेखरने ती वाचली, तिचं हिंदी केलं, कमिटीपुढे ठेवलं, आणि नोटीस लागली: प्रभु भोज में वर्दी के बिना किसी को मेज़ के पास नहीं लिया जाएगा. पुरुषांना पांढरा शर्ट, बायकांना ही साडी. साहेबाची बायको असो की अभनपूरची प्रेमला, सगळ्या एकसारख्या. कमिटीने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी नव्वद वर्षांपूर्वी जे ठरवलं ते आपण विसरलो होतो, असं शेखर तिथे म्हणाला.

फाटक वाजलं. श्यामराव ओसरीत उठून उभे राहिले. कुसुमने वाकून पाहिलं तर रिक्षातून विनोदिनीआत्या उतरत होत्या.

विनोदिनीआत्या श्यामरावांची मोठी बहीण. वय शहात्तर. पुरानी बस्तीत राहायच्या, एकट्या. त्यांचे यजमान हरिदास कंपाउंडर दोन वर्षांपूर्वी गेले. हरिदास हिंदू, भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात असलेल्या मराठी घरातले. आत्यांनी त्यांच्याशी कचेरीत जाऊन लग्न केलं होतं, सन बावन्न साली. या घरी त्या बारशाला येत, लग्नाला येत, आजारपणात येत. चर्चमध्ये मात्र त्या बावन्न सालापासून गेल्या नव्हत्या. मास्तर वारले तेव्हाही कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"या आत्या," कुसुम म्हणाली. "बसा... थांबा, जागा करते."

आत्यांनी साड्यांकडे एकदा पाहिलं, त्या ढकलून सोफ्याचा कोपरा मोकळा केला आणि बसल्या. अंगावर चॉकलेटी रंगाची धुवट साडी, पायात रबरी चपला. त्यांनी कपाळावरचा घाम पदराने पुसला.

"शेखर कुठं आहे? मी वर्दी द्यायले आली," त्या म्हणाल्या. "उद्या मले मेजावर बसायचं आहे. मरायच्या आधी एकदा."

शेखर आतून धावतच आला. त्याने आत्यांच्या पायाला हात लावला. त्याला खरंच आनंद झाला होता, कुसुमला तो त्याच्या चेहऱ्यावर दिसला. "आत्या! तुम्ही येऊन राहिल्या? अहो पण वर्दी तुम्ही नाही द्यायची, आम्ही देऊन राहिलो. सोनिया, आत्यासाठी एक काढ."

सोनियाने वरची साडी उचलून आत्यांच्या मांडीवर ठेवली. आत्यांनी ती उलटीपालटी केली.

"हे काय होय?"

"वर्दी."

"ही?" आत्या हसल्या. मग हसता हसता थांबल्या. "पोरा, ही साडी होय."

कुसुमच्या हातातला ट्रे जागच्या जागी राहिला. तिच्या डोक्यात काहीतरी टोचलं. तिचं माहेर हिंगणघाटकडचं. बाप गावचा कोतवाल. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं, कोणाचा बैल चोरीला गेला, की बाप धोतर खोचून निघायचा आणि आईला सांगायचा, ठाण्यावर वर्दी देऊन येतो. वर्दी म्हणजे खबर. माहेरी वर्दीचा दुसरा अर्थ कोणाला माहीतच नव्हता, तो तिला रायपूरला येऊन कळला, हिंदीत. नोटीस तिने हिंदीतच वाचली होती, म्हणून तिला कधी काही खटकलं नव्हतं. मास्तरांची मूळ वही तिने पाहिलीच नव्हती.

"आत्या, नियम आहे तो," शेखर समजावत होता. "मास्तरांचाच. अन् त्यांनी कोणाचीही गय केली नाही. तुम्हाले तर माहीत आहे." त्याने सोफ्यावरची एक साडी उगाच सरळ केली. "म्हणजे... तुम्ही तेव्हा लाल लुगडं नेसून गेल्या होत्या..."

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला विनोदिनी सासरचं लाल लुगडं नेसून आली, आणि मारोती मास्तरांनी पोटच्या पोरीला सगळ्या मंडळीसमोर मेजावरून परत पाठवलं. शेखरने कमिटीत ही गोष्ट सांगितली होती. केवढी शिस्त, असं तो म्हणाला होता.

"लुगड्याचं कोणी सांगितलं तुले?" आत्यांनी विचारलं.

"सगळ्यांलेच माहीत आहे."

"मले नाही माहीत." आत्यांनी साडी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. "मले एवढं माहीत आहे, का मी वर्दी दिली होती अन् मास्तर लोकांसमोर म्हणाले, वर्दी आली नाही. बाप असा खोटं बोलला. त्याच्यानंतर मी त्या दारात पाय ठेवला नाही. कुठं लिहिला आहे तुझा नियम? दाखव मले."

"जाऊ दे ना अक्का," ओसरीतून श्यामराव म्हणाले. "काहून जुन्या वह्या काढता? दे तिले तशीच बसू, शेखर. म्हातारी बाई आहे."

कुसुमने सासऱ्यांकडे पाहिलं. श्यामराव बहात्तरचे, रेल्वेतून मालबाबू म्हणून रिटायर झालेले, चर्चचे सर्वांत जुने पंच. शाळा सगळी मराठीत, तीही मास्तरांच्याच हाताखाली. शेखरने वहीचं हिंदी केलं तेव्हा ते शेजारी बसून होते. वर्दीचा अर्थ ह्यांना माहीत नसेल? तीन आठवडे घरात साड्यांचे गठ्ठे येत होते आणि हे गप्प होते. कुसुमला त्याचा राग आला, आणि का गप्प होते ते कळेना म्हणून आणखी राग आला.

शेखरने वही आणली, कापडात गुंडाळलेली. आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बारीक अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी वही कुसुमपुढे धरली.

"तू वाच. तुले वाचता येते."

कुसुमने ट्रे अखेर जमिनीवर ठेवला आणि नियम सातवा काढला. "प्रभुभोजनास बसू इच्छिणाऱ्याने आदले शनिवारी सूर्य मावळण्यापूर्वी पंचांकडे वर्दी पोचती करावी. वर्दीवाचून कोणासही मेजाजवळ घेऊ नये."

तिने तीच ओळ मनात पुन्हा वाचली. आता सांगावं की नको? नवऱ्याची अब्रू एका बाजूला. सगळ्या चर्चला तो नियम सांगून बसला होता. पण उद्या नव्वद वर्षांच्या दिवशी त्याने हीच वही मंडळीपुढे उघडून धरायची ठरवली होती, आणि मंडळीत मराठी वाचणारी चारदोन माणसं अजून जिवंत होती.

"अहो," ती शेखरला म्हणाली, "यात वर्दी म्हणजे खबर आहे. उद्या मी मेजावर येणार, असं आदल्या दिवशी सांगायचं. कपड्याचं इथं काहीच नाही."

"असं कसं? वर्दी म्हणजे..."

"हिंदीत. मास्तरांनी मराठीत लिहिलं आहे. माझा बाप रोज वर्दी द्यायचा ठाण्यावर. युनिफॉर्म देऊन येत नव्हता."

शेखरची सतरा वर्षांची मुलगी श्रावणी दारात उभी राहून ऐकत होती, ती फिस्सकन हसली. "पापा, तो आप 'पोचती करावी' का मतलब क्या समझे थे?"

"मले वाटलं..." शेखरचे कान लाल झाले. "मले वाटलं, शनिवारी कपडे पंचांकडे जमा करायचे. ते तपासून देत असतील. मास्तर शिस्तीचे होते."

"मतलब मैं तीन हफ्ते से बेवकूफ बनी बैठी हूँ?" सोनियाने टाचण्यांची डबी खाली आपटली. "बासठ साड़ियाँ, भैया!"

कुसुमलाही हसू येत होतं, पण आत्या हसत नव्हत्या. त्या वहीकडे बोट दाखवत होत्या. "पुढं पाह्य. बावन्न सालचं काही आहे का?"

श्यामराव उठून उंबऱ्यापर्यंत आले. "कुसुम, ठेव ती वही."

सासऱ्यांचा असा आवाज तिने वीस वर्षांत ऐकला नव्हता. हुकूम नव्हता तो, विनवणी होती. तिचा हात क्षणभर अडला. पण वही आत्यांनी तिच्या हातात दिली होती, बाबांनी नाही. तिने पानं उलटली. प्रत्येक प्रभुभोजनाची तारीख होती, खाली वर्दी दिलेल्यांची नावं. सहा एप्रिल बावन्न. नावांची रांग संपल्यावर खाली बारीक पेन्सिलीत चार ओळी होत्या. शेखरने त्या पाहिल्या असतील तरी वाचल्या नसणार, इतक्या पुसट होत्या. कुसुम वही खिडकीपाशी घेऊन गेली.

"विनोदिनीची वर्दी आली नाही. काल दिवेलागण होईतो ओट्यावर बसून वाट पाहिली. आज ती वर्दीवाचून आली. नियम मीच केलेला, मला मोडता आला नाही. परत पाठविले." तिने वही आणखी उजेडात धरून शेवटची ओळ वाचली. "तांबडे लुगडे तिला शोभत होते."

"काय म्हणते?" आत्यांनी विचारलं. "शेवटचं काय?"

कुसुमने ते पुन्हा वाचलं.

आत्यांचे हात मांडीवर उपडे पडले होते. मग त्यांनी मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं.

"श्याम," त्या म्हणाल्या, "मी तुह्याजवळ निरोप दिला होता."

श्यामरावांनी दाराची चौकट धरली.

"शुक्रवारी. स्टेशनवर. तू ड्यूटीवर होता. मी म्हटलं, मास्तरांले वर्दी दे, मी रविवारी येते. तू हो म्हणाला."

"हो म्हणालो."

"मग?"

"नाही दिली."

"विसरला?"

श्यामरावांना 'हो' म्हणायची केवढी सोय होती! कुसुमला वाटलं, आता हे हो म्हणतील आणि सगळं निभून जाईल. तिलाही मनातून तेच हवं होतं.

"नाही," श्यामराव म्हणाले. "तू मले म्हणाली होती, लाल लुगडं नेसून येईन, सासूनं दिलं आहे. मी एकवीस वर्षांचा होतो अक्का. नवी नोकरी, नवे जोडे, टाय बांधून पहिल्या बाकावर बसत होतो. सगळे म्हणतील, याची बहीण पाह्य कशी आली. मले लाज वाटली. मले वाटलं, वर्दी नाही पोचली तर तसं तुले कोणी सांगेल, अन् तू येणार नाहीस. अन् तू आली."

"आली."

"मास्तरांनी तुले परत पाठवलं तेव्हा मी तिथंच बसून होतो. उठलो नाही. मग घरी लोक म्हणायले लागले, लुगड्यामुळं पाठवलं. मी म्हटलं नाही, की तसं नाही म्हणून."

"पोरगा तीन आठवडे त्याच वहीतून नियम सांगत फिरून राहिला होता," कुसुम म्हणाली. तिला आवरलं नाही. "तुम्ही एक शब्द बोलले नाही, बाबा."

"बोललो असतो तर तू पुढचं पान वाचलं असतं." त्यांनी डोळे पुसले. "शेवटी वाचलंच."

शेखर भिंतीशी उभा होता. आजोबांच्या शिस्तीची गोष्ट त्याने कितीदा, कुणाकुणाला सांगितली असेल! तो जागचा हलला नाही. सोनिया मात्र उठली. बारा वर्षांत ती या घरातल्या कुठल्याही भांडणात नवऱ्याच्या घराण्याविरुद्ध बोलली नव्हती. ती आत्यांच्या शेजारी जाऊन बसली, त्यांच्यासाठी काढलेली पांढरी साडी घडीसकट उचलून टीव्हीवर टाकली, आणि आत्यांचा हात हातात घेऊन सासऱ्यांकडे अशी बघत राहिली की श्यामरावांनी नजर खाली घातली.

"एक्कावन्न वर्षं," आत्या म्हणाल्या. आवाज चढला, फाटला. "एक्कावन्न वर्षं मी त्या माणसाले खोटारडा म्हणत राहिली. तो गेला तर फाटकाबाहेर उभी राहिली मी! बापाच्या मातीले हात लावला नाही! तुह्या एका लाजेपायी, श्याम. तुह्या टायपायी."

त्या रडल्या. मोठ्याने, तोंड न झाकता. श्यामराव उंबऱ्यातच खाली बसले. कोणी कोणाची समजूत घातली नाही. समजूत घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. श्रावणीने पाण्याचा पेला आणला आणि आत्यांपाशी ठेवला.

आत्या पाणी प्यायल्या. "किती वाजले?"

"साढ़े चार," श्रावणी म्हणाली.

"सूर्य कधी मावळते आजकाल?"

"सहाच्या आसपास," कुसुम म्हणाली.

"मग वेळ आहे." आत्यांनी भावाकडे पाहिलं. "ऊठ. जोडे घाल. तुह्याकडं माही एक वर्दी आहे. ती देऊन ये."

श्यामराव उठले. त्यांना जोड्यांच्या नाड्या बांधता येईनात, कुसुमने वाकून बांधल्या. मग स्कूटी काढली आणि त्यांना मागे बसवलं.  प्रत्येक वळणावर तिच्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट व्हायचा.

पाळकसाहेब चर्चच्या आवारातच राहायचे. बस्तरकडचे तरुण गृहस्थ, मंडपवाल्याशी हुज्जत घालत उभे होते. श्यामरावांना पाहून पुढे आले.

"पादरी साहब, वर्दी देने आया हूँ," श्यामराव म्हणाले.

"वर्दी? वो तो सोनिया दीदी के पास..."

"खबर. खबर देने आया हूँ. मेरी बड़ी बहन विनोदिनी कल प्रभु भोज में आएगी." ते थांबले. "यह खबर मुझे बावन में देनी थी."

पाळकसाहेबांनी कुसुमकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे नंतर सांगते. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि नाव लिहिलं.

"और आपका?"

"मेरा मत लिखिए," श्यामराव म्हणाले. "इस बार नहीं."

साडेपाचला ती दोघं परतली तेव्हा दिवाणखान्यात सोफा रिकामा झाला होता. साड्या कोपऱ्यात, चिठ्ठ्या काढलेल्या. शेखर फोनवर होता आणि कोणाला तरी सांगत होता की नोटीस रद्द, चूक माझी, वाचण्यात झाली. ज्याला जे आहे ते घालून या. आणि अभनपूरला प्रेमलाबाईंकडे कोणी जाणार असेल तर हे मुद्दाम सांगा, की चर्चचे कपडे असे काही नसतात. फोन ठेवून त्याने कुसुमकडे पाहिलं आणि नजर खाली केली. तिने पाठीवरून हात फिरवला, सगळ्यांसमोर.

सोनिया आपली लग्नातली लाल साडी घेऊन आत्यांपुढे बसली होती.

"नको गं पोट्टी. रेशमी आहे, घाम येते," आत्या म्हणत होत्या. "ते लुगडं तर मी कवाच गोधडीत शिवलं. हेच नेसून येईन. धुतलेलं आहे." मग त्यांना भाऊ दिसला. "दिली?"

"दिली," श्यामराव म्हणाले.

"लिहून घेतली?"

"हव. माझ्यासमोर लिहिली."

"अन् तुही?"

श्यामराव खाली बघत राहिले. त्यांचा एक हात दाराच्या चौकटीवर होता, मघासारखाच.

"तुही वर्दी दिली का, विचारून राहिली मी."

"नाही," कुसुम म्हणाली, कारण ते बोलणार नव्हते. "नको म्हणाले."

आत्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घराच्या गच्चीवर अजून ऊन होतं.

"मी एकटी जाणार नाही त्या दारातून," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी एकटीच गेली होती. उजेड आहे अजून. परत जा."

श्यामराव हलले नाहीत. कुसुमने स्कूटीची चावी शेखरपुढे धरली.

"आता बाबांना तुम्ही न्या," ती म्हणाली. "लवकर जा, सूर्य मावळायच्या आत."